नानांच्या ओक्यामेला दोन कान मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा व्यवस्थापक,
प्रादेशिक आरोग्य विमा निधी,
बेपोक्रोम कार्यालय, बसथांब्यामागे.

अर्जदार: सौ. आडवोआ बिरागो, धुरावलेल्या मासळीच्या घाऊक व्यापारी, बेपोक्रोम बाजार.
लाभार्थी: अर्जदाराचे यजमान श्री. याव ब्रेन्या, बेपोक्रोमच्या गादीचे ओक्यामे, म्हणजे गावचे राजे नाना यांच्या वतीने बोलणारे.

विषय: लाभार्थ्यास दोन्ही कानांची श्रवणयंत्रे विम्यातून मंजूर होणेबाबत.

संदर्भ: आपले नामंजुरीचे पत्र, दि. २१ ऑगस्ट, तसेच खिडकी क्रमांक दोनवरील श्री. लार्बी यांची तोंडी सूचना.

महोदय,

१. आपले संदर्भीय पत्र मिळाले. ते मी दोनदा वाचले. पहिल्यांदा अर्थ कळावा म्हणून, आणि दुसऱ्यांदा, कळलेला अर्थ खरा असू शकत नाही अशी शंका आली म्हणून. दोन्ही वेळा एकच अर्थ निघाला. तो असा की, माझ्या यजमानांना ऐकू येत नाही हे निधीला मान्य आहे, परंतु त्यांना ऐकू येण्याची गरज आहे हे मान्य नाही.

हा अर्ज यजमानांऐवजी मी का करते, याचा खुलासा आधी करते. त्यांच्या मते त्यांना उत्तम ऐकू येते. मधल्या काळात गावाला पुटपुटायची खोड लागली आहे, कोंबडे आळशी झाले आहेत आणि चर्चमधला ढोलवाला पूर्वीसारखा जीव लावून वाजवत नाही, इतकेच त्यांचे म्हणणे. "दुखणं गावाला झालंय, आडवोआ, आणि औषध तू मला देतेस," असे ते मला सुनावतात. कुमासीच्या मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र यंत्रावर तपासून लेखी दिले आहे की, दोन्ही कानांचे ऐकणे निम्म्याहून जास्त गेलेले आहे. ओक्यामे होण्यापूर्वी यजमानांनी उमेदीची सगळी वर्षे लाकूड कापायच्या गिरणीत मोठ्या करवतीशेजारी काढली. करवतीने त्यांची बोटे शाबूत ठेवली आणि त्याबदल्यात कान घेतले, असा मी या व्यवहाराचा अर्थ लावते.

२. आपल्या पत्रातील पहिले कारण असे की, श्रवणयंत्र हा उपचार नसून "ऐच्छिक व शोभेचे साधन" आहे, सबब ते वगळलेल्या बाबींच्या यादीत मोडते. ती यादी मी आपल्या खिडकीवर उभ्याउभ्या वाचली. श्रवणयंत्राच्या वरच्या ओळीत केसांचे टोप आहेत आणि खालच्या ओळीत कातडी उजळ करण्याचे मलम आहे. माझ्या यजमानांच्या डोक्यावर एकही केस नाही, आणि त्यांनी टोप मागितलेला नाही. स्वतःच्या रंगाबद्दलही त्यांची तक्रार नाही. आमच्या बाजारातल्या बायका शोभेसाठी काय काय करतात ते मी रोज माझ्या टोपल्यांमागे बसून पाहते. पण शेंगदाण्याएवढा तपकिरी डबा कानामागे अडकवून मिरवण्यापर्यंत अजून कोणाची मजल गेलेली नाही.

निधीने आजवर काहीच दिले नाही, असा माझा आरोप नाही. कान दुखला तर गोळी मिळते. पू आला तर थेंब मिळतात. मळ साचला तर तो फुकट काढून मिळतो. यजमानांचे दोन्ही कान निधीच्या खर्चाने धुऊन झाले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आता कान लख्ख आहेत. ऐकू मात्र येणार नाही." म्हणजे कान दुखावा, वाहावा, तुंबावा, इथपर्यंत निधी आमच्यासोबत आहे. ऐकायची वेळ आली, की निधी मधल्याच थांब्यावर उतरून जातो.

यंत्रे स्वतः विकत का घेत नाही, असे आपण विचाराल. जोडीची किंमत मी कुमासीला विचारली. बाजारात भाव ऐकून चक्कर आल्याचे नाटक मी रोज करते. त्या दिवशी नाटक करावे लागले नाही.

३. दुसरे कारण असे की, "दूरध्वनी पडताळणीत लाभार्थ्याचे संभाषण अस्खलित आढळले." ही पडताळणी माझ्यासमोर झाली, म्हणून तिची हकिकत सादर करते.

फोन मी उचलला. पलीकडे आपल्या कार्यालयातली एक मुलगी होती. मी म्हटले, "बाई गं, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तर अर्ज केलाय. काय विचारायचं ते मला विचार." ती म्हणाली, "मावशी, लाभार्थ्यालाच द्या. नियम आहे." मी फोन यजमानांच्या हातात दिला. हातात फोन आला म्हणजे कोणीतरी आले आहे, एवढे त्यांना कळले. आलेल्या माणसाला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि मग येण्याचे निमित्त विचारावे, ही आपल्याकडची रीत. आणि यजमानांचा तर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा उद्योग. ते उठून उभे राहिले, खांद्यावरचे वस्त्र सारखे केले आणि म्हणाले, "दुरून आलात. वाटेत त्रास झाला नसेल अशी आशा आहे. बसा, पाणी घ्या. आमच्याकडे सगळं शांत आहे, वाईट बातमी नाही. आता येणं कशासाठी केलंत ते सांगा, म्हणजे मी नानांच्या कानी घालतो."

मुलीने जन्मतारीख विचारली. यजमान म्हणाले, "फार चांगलं बोललात." तिने कार्डाचा क्रमांक विचारला. यजमान म्हणाले, "आपले वाडवडीलही हेच सांगत आले." शेवटी तिने विचारले, "बाबा, तुम्हाला ऐकायला त्रास होतो का?" त्यावर यजमान म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं दारात आल्यावर त्रास कसला?" मग त्यांनी तिला भरपूर मुलेबाळे होवोत असा आशीर्वाद दिला आणि फोन माझ्याकडे देत म्हणाले, "गुणी पोरगी आहे. कमी बोलते."

संभाषण अस्खलित होते, ही नोंद खोटी आहे असे मी म्हणणार नाही. अस्खलित बोलायला समोरच्याचे ऐकावे लागत नाही, हे आपल्यासारख्या सभा-समारंभांना जाणाऱ्या अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

४. समक्ष पडताळणीत यजमान "गैरहजर" होते, असेही पत्रात म्हटले आहे. ते गैरहजर नव्हते. आपल्या व्हरांड्यातल्या बाकावर, भिंतीकडून दुसऱ्या जागी, दार उघडल्यापासून दार लागेपर्यंत ते बसून होते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची रांग होती, आणि नावे तोंडाने पुकारली जात होती. दिवसभरात एकही जण उठला नाही. संध्याकाळी शिपायाने सगळ्यांवर गैरहजेरी मांडली आणि बाकावरच्या माणसांना उठवून कुलूप लावले.

५. तिसरे कारण मात्र मला झोंबले. ते असे: "ओक्यामे हे पद बोलण्याचे असल्याने श्रवणशक्ती ही सदर पदाची आवश्यक गरज दिसून येत नाही." हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांच्या गावचे नाना बहुधा स्वतःच्या तोंडाने बोलत असावेत. आमचे बोलत नाहीत.

बेपोक्रोममध्ये नाना द्वोमो गादीवर बसतात तेव्हा त्यांच्याशी थेट कोणी बोलत नाही, आणि तेही कोणाशी थेट बोलत नाहीत. भांडण घेऊन आलेला माणूस म्हणतो, "ओक्यामे, नानांच्या कानी घाला." नाना सगळे ऐकून घेतात आणि जे काय ठरवायचे ते ओठ न हलवल्यासारखे ओक्यामेला सांगतात. ओक्यामे ते धुऊन-पुसून, नीट कापड नेसवून चारचौघांत आणतो. नानांनी आवाज चढवणे हा गादीचा अपमान समजतात. आणि महत्त्वाचे हे की, ओक्यामेच्या तोंडून एकदा जे बाहेर पडले तेच नानांचे बोलणे. "मी असं म्हणालो नव्हतो," असे नाना म्हणू शकत नाहीत. स्वतःची जीभ खोटे बोलली, असे कोण कबूल करील?

आता माझ्या यजमानांची अडचण लक्षात घ्यावी. वादी-प्रतिवादी ओरडून भांडतात, शिवाय हातवारे करतात; त्यामुळे भांडण त्यांना व्यवस्थित कळते. न्याय हळू आवाजात दिला जातो. तो कळत नाही.

६. याचा परिणाम काय झाला, त्याची दोन उदाहरणे देते.

एका माणसाच्या शेळ्यांनी शेजारणीच्या शेतातला कसावा, कंदांसकट, खाल्ला. नानांनी पुटपुटून निकाल दिला, की शेळीवाल्याने दरबाराला एक मेंढी द्यावी आणि कसाव्याची भरपाई करावी. यजमानांनी मान डोलावली, हातातला ओक्यामेपदाचा दंड, म्हणजे मानाची काठी, जमिनीवर आपटला आणि जाहीर केले, "नाना म्हणतात, कुंपण कुठे संपतं ते शेळीला कळत नाही, म्हणून ते दोघांनी मिळून घाला. बांबू राजवाड्याच्या मागून घेऊन जा. काम झालं की दोघांनी एका पंगतीत बसा; मटण याचं, कसावा हिचा." सगळा दरबार खूश झाला. शेजारणीने डोळे पुसले. नानांचा चेहरा मी पाहिला, कारण मी त्या दिवशी बायकांच्या बाजूला पुढेच बसले होते. ते बांबू नानांनी स्वतःच्या गोठ्याच्या छपरासाठी आणून ठेवले होते.

दुसऱ्यांदा एका मयताच्या भाच्यांमध्ये अंत्यविधीच्या खर्चावरून जुंपली. नाना म्हणाले, दोघांनी अर्धा अर्धा करावा. यजमानांनी सांगितले, "नाना म्हणतात, गेलेला माणूस माझा जिवाभावाचा होता. त्याच्या विधीला येणाऱ्यांचं सगळं पिणं माझ्याकडून." त्या मयताशी नानांचे बोलणे बंद होते. शनिवारी चार गावांची माणसे सुतकाची लाल-काळी कापडे नेसून आली आणि नानांच्या नावाने मनसोक्त प्यायली.

यातला एकही निकाल वाईट होता असे कोणी म्हणत नाही. उलट आमच्या बाजारात बायका म्हणू लागल्या, "नाना उतारवयात किती मऊ झाले गं!" लगतच्या गावांतले लोक आपल्या नानांना सोडून भांडणे आमच्याकडे आणू लागले. काहींनी तर, आमच्या माहितीप्रमाणे, येण्यासाठी मुद्दाम भांडणे काढली.

७. शेवटी नानांनी मला आतल्या दालनात बोलावले. तिथे ते माणसासारखे बोलतात. म्हणाले, "आडवोआ, तुझ्या नवऱ्याच्या तोंडून मी इतका चांगला माणूस झालोय, की मला ते परवडेनासं झालंय."

मी म्हटले, "नाना, मग दुसरा ओक्यामे नेमा."

"नेमतो गं. पण तो मी बोलेन तेच सांगेल. मग लोक म्हणतील, नाना बिघडले."

नाना आणि माझे यजमान एका वयाचे. लहानपणी एकाच ओढ्यात खेकडे धरलेले. त्यामुळे नाना हसले आणि मीही हसले. पण नंतर त्यांनी जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. यंदाच्या मोठ्या अदएच्या सणाला नानांच्याही वरच्या थोरल्या गादीचा दूत येणार आहे. त्याचा निरोप नाना ऐकतील, त्यावर उत्तर देतील, आणि ते उत्तर शब्दाला शब्द दूतापर्यंत पोचले पाहिजे. तिथे बांबू आणि मटण चालणार नाही. चूक झाली तर तो थोरल्या गादीचा अपमान होईल आणि त्याची भरपाई सगळ्या गावाला करावी लागेल. म्हणून पंचांनी ठरवले आहे की, सणाच्या आत ओक्यामेच्या कानांची सोय झाली तर ठीक. नाहीतर त्यांच्या हातातला दंड, आणि त्यासोबत पद, काढून घ्यायचे.

महोदय, दंड म्हणजे काय ते आपण जाणता. यजमानांच्या आधी तो त्यांच्या मामांच्या हातात होता. त्याच्या टोकावर सोन्याचा पत्रा चढवलेली दोन कोरीव माणसे बसलेली आहेत. यजमान सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझ्याकडे बघताना तोवर चेहरा प्रसन्न झालेला असतो.

८. निधीकडे हात पसरण्याआधी आम्ही इतर उपाय करून पाहिले, हे आपल्या माहितीसाठी.

नानांनी थोडा आवाज वाढवून पाहावा, असे ठरले. दुपारी दरबार रिकामा असताना तालीम घेतली. नानांचा आवाज बाहेर गेला, तसे पहारेकरी तलवारी घेऊन आत धावले. कोणीतरी नानांना मारत आहे असे त्यांना वाटले. नाना गादीवर बसून ओरडले ही गोष्ट पंचांपर्यंत गेली आणि गादी शांत करण्यासाठी एक मेंढी कापावी लागली.

मग नाना म्हणाले, यंत्रे मीच घेऊन देतो. त्यांचे मन मोठे आहे, त्यांच्या स्वतःच्या तोंडूनसुद्धा. पण गादीच्या पैशातून आलेली वस्तू गादीची होते. दंड गादीचा, छत्री गादीची, ढोल गादीचे. तसे माझ्या नवऱ्याचे कानही गादीचे झाले असते. उद्या पद गेले तर कान काढून परत द्यायचे. आणि पद असेपर्यंत, घरी मी काही बोलले तर ते ऐकायला त्यांनी कोणाची परवानगी घ्यायची? मी हात जोडून नको म्हटले.

तिसरा उपाय मी स्वतः केला. नानांच्या परवानगीने मी यजमानांच्या मागे बसले. नाना पुटपुटले की मी यजमानांच्या पाठीवर वस्त्राखालून चिमटा काढायचा. कोणत्या निकालाला कसा चिमटा ते आम्ही घरी बसवले होते. निकाल बरोबर लागले. पण यजमान न्याय सांगताना मधेच कळवळतात हे लोकांनी पाहिले, आणि "बघा, निकाल देताना ओक्यामेंना किती यातना होतात" असे म्हणू लागले. जे जास्त हुशार होते त्यांनी चिमटा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ज्यांची ज्यांची भांडणे दरबारात होती ते सगळे माझ्याकडे मासळी घ्यायला आले. ज्यांच्या घरी मासळी खात नाहीत तेही आले. त्या आठवड्यात माझा धंदा चांगला झाला, हे मी लपवत नाही. एक बाई तर टोपली उचलताना म्हणाली, "ताई, सुटे राहू द्या. उद्या आमच्या वेळेला बोट जरा हलकं ठेवा." तेव्हा मी उठले आणि पुन्हा त्या जागी बसले नाही. मासळीत मी वजन मारत असेन नसेन, पण तराजू कुठला वापरायचा याला मर्यादा असते.

९. यानंतर एक बाब केवळ माहितीसाठी नमूद करते. ती धमकी समजू नये.

आपले बसथांब्यामागचे कार्यालय गादीच्या जमिनीवर उभे आहे. त्याच्या भाडेपट्ट्याची मुदत संपत आली आहे आणि नूतनीकरणाची सुनावणी मोठ्या अदएच्या आधी नाना द्वोमो यांच्यासमोर व्हायची आहे. निधीतर्फे आपण स्वतः हजर राहाल असे कळते. त्या दिवशी नाना काय ठरवतील ते मला माहीत नाही. माझे यजमान काय जाहीर करतील ते कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. अलीकडे त्यांचा एकूण कल देणगीकडे आहे. मात्र देणारा कोण, हे ते आयत्या वेळी ठरवतात. कदाचित ते जागा आपल्याला कायमची फुकट देतील. कदाचित शाळेचे छप्पर, बाजारातली विहीर आणि नानांच्या गोठ्याचे राहिलेले बांबू, हे सगळे निधीने आनंदाने मान्य केले असे सांगतील. दरबार टाळ्या वाजवील. आपल्याला उठून आभार मानावे लागतील, कारण तिथली रीत तशी आहे. आणि जे जाहीर झाले ते मागे घेता येत नाही, हे मी वर लिहिलेच आहे.

त्या दिवशी यजमानांना नीट ऐकू यावे, यात आता माझ्याइतकाच आपलाही फायदा आहे, असे माझे नम्र मत आहे.

१०. आता श्री. लार्बी यांच्या तोंडी सूचनेबद्दल. मागच्या सोमवारी मी खिडकीवर गेले तेव्हा ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "मावशी, फार ताणू नका. खास बाब म्हणून साहेबांच्या अधिकारात एक कान बसतो. दोन कान मागितले की कागद वर जातो, आणि वर गेलेला कागद खाली येताना मी अजून पाहिलेला नाही. कोणता कान हवा ते या नमुन्यावर लिहून आणा, ओक्यामेंची सही घ्या, काम झालं समजा."

मुलगा भला आहे. मी नमुना घेऊन आधी नानांकडे गेले. नाना म्हणाले, "यात विचारायचं काय? ओक्यामे माझ्या उजव्या हाताला उभा राहतो. म्हणजे त्याचा डावा कान माझ्याकडे. डावा लिही आणि मोकळी हो." पंचही हेच म्हणाले. मलाही हेच वाटत होते. डावा कान आला की निरोप कळेल, सण पार पडेल, दंड घरात राहील.

घरी आले तेव्हा यजमान दंड मांडीवर घेऊन त्याचा पत्रा पुसत होते. मी नमुना त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो सावकाश वाचला. आजवर कानाचा कुठलाही कागद पाहिला की "मला काय झालंय?" म्हणून ते उठून जायचे. या वेळी उठले नाहीत. त्यांनी दंड भिंतीला टेकवला आणि उजव्या कानाला हात लावला.

मी ओरडले, "अहो, तो नव्हे, हा! नाना या बाजूला बसतात!"

"नाना कुठे बसतात ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

"मग दंड जाईल!"

"जाईल." मग म्हणाले, "नाना काय बोलणार ते मला न ऐकता कळतं. नाही कळलं, तर त्यांच्यापेक्षा बरं मी बोलतो. तू काय बोलशील ते मला लग्न झाल्यापासून एकदाही ओळखता आलेलं नाही. आता तू सगळं ओरडून सांगतेस. ओरडून फक्त कामाचं सांगता येतं, आडवोआ."

आमच्या खाटेवर मी त्यांच्या उजवीकडे झोपते. आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याची ही पहिली वेळ.

मला फार राग आला. मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. पण अबोला धरला आहे हे कळायलासुद्धा माणसाला ऐकू यावे लागते, त्यामुळे तो वाया गेला.

११. सबब विनंती अशी की:

उजवा कान मी लिहू शकत नाही, कारण त्याने त्यांचा दंड जाईल, आणि दंड गेल्यावर सकाळी उठून ज्या चेहऱ्याने ते माझ्याकडे बघतील तो मला पाहायचा नाही. डावा कान लिहिला तर ते सही करत नाहीत. घरात बसून आम्ही दोघांनी एकमेकांना हा जो न्याय दिला आहे, तो ऐकवायला आम्हाला कोणी ओक्यामे नाही.

म्हणून नमुन्यातल्या रकान्यात "दोन्ही" असे लिहिले आहे आणि त्याखाली यजमानांनी सही केली आहे. रकाना एका कानापुरता आखलेला असल्याने अक्षरे थोडी बाहेर गेली आहेत. कागद वर पाठवायचा असेल तर तो सणाच्या आत खाली येईल असा पाठवावा. आणि त्यातला एक कान खोडायचाच झाला, तर तो आपण आपल्या हाताने खोडावा, आणि कोणता खोडला ते आमच्या घरी येऊन आम्हा दोघांना सांगावे. बसायला स्टूल आणि प्यायला पाणी मिळेल. सांगताना मात्र आपल्याला आवाज चढवावा लागेल.

आपल्या उत्तराची वाट पाहत,
आपली नम्र,

(सही)
आडवोआ बिरागो
बेपोक्रोम
दि. १२ सप्टेंबर

सोबत:
१) कुमासी येथील कानाच्या तपासणीचा अहवाल.
२) विमा कार्डाची प्रत. हप्ता एकदाही चुकलेला नाही.
३) नाना द्वोमो यांचे शिफारसपत्र. हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले असून ओक्यामेंच्या मार्फत आलेले नाही, सबब त्यातील मजकुरावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.
४) एका कानाचा नमुना, दोन कानांसाठी भरलेला.